एका मापाने मधुमेह, दुसऱ्या मापाने नाही: गरोदरपणातल्या १५२ चा अर्थ

डिचोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: "मला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं तेव्हा ११८ आलं होतं. आता परत केलं तर दोन तासांनी १५२. डॉक्टर म्हणतात, गरोदरपणातला मधुमेह. माझी नणंद मुंबईला असते. तिला उपाशीपोटी बोलावून तीनदा रक्त काढलं आणि तिथे दोन तासांची मर्यादा १५३ होती. म्हणजे तिथे मी धडधाकट आणि इथे आजारी? संशोधन नेमकं काय सांगतं? बाळाला पुढे मधुमेह होणार का? सासूबाई म्हणतात, बाळंतपण झालं की सगळं जातं, मनावर घेऊ नकोस."

तुमचा गोंधळ खरा आहे आणि तो तुमच्यामुळे झालेला नाही. फोंड्यात पंचवीसहून अधिक वर्षं बाळंतपणं करताना हा प्रश्न मी अनेकींकडून ऐकला आहे. आधी उत्तर सांगते: १५२ वर उपचार करायला हवेत, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते सुरू केले हे योग्य केलं. त्यात घाबरण्यासारखं फार थोडं आहे. सासूबाईंचं वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. त्यावर शेवटी सविस्तर बोलते.

साखर आत्ताच का वाढली? वार वाढू लागली की तिच्यातून अशी संप्रेरकं सुटतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो. ही निसर्गाचीच सोय आहे. आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहिली की बाळाला ती मिळते. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा परिणाम जोर धरतो आणि स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावं लागतं. ज्यांच्या स्वादुपिंडात तेवढी शिल्लक ताकद असते त्यांना काही होत नाही. जिथे ती कमी पडते तिथे साखर चढते. म्हणून तिसऱ्या महिन्यात ११८ आणि आता १५२, यात आधीची तपासणी चुकली असं काहीच नाही. शासनाच्या सूचनांमध्ये पहिली तपासणी बरी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायला सांगितलंय ते याचसाठी.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. ही गोष्ट कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडली आणि आजही सगळी समजूत तिच्यावरच उभी आहे. साखर जास्त आली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड कामाला लागतं आणि जास्तीचं इन्सुलिन बनवतं. या इन्सुलिनमुळे बाळाच्या खांद्यांवर, पोटावर चरबी साठते. डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकणं हा बाळंतपणातला सगळ्यात जिवावरचा क्षण असतो, आणि त्याचं एक कारण हेच. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात असतं, म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. लवकर अंगावर पाजणं आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणं एवढ्याने बहुतेक वेळा निभावतं. व्यंगाची भीती मनात असेल तर ती काढून टाका. वाढलेल्या साखरेमुळे येणारी व्यंगं पहिल्या सात-आठ आठवड्यांतल्या साखरेशी जोडलेली असतात, आणि तुमची तिसऱ्या महिन्यातली तपासणी चांगली होती.

आता आकड्यांकडे येते. १९६४ मध्ये बोस्टनच्या ओ'सलिव्हन आणि महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांची ग्लुकोज तपासणी करून मर्यादा ठरवल्या. त्यांनी त्या मर्यादा कशाशी ताडून पाहिल्या? बाळाच्या वजनाशी नव्हे, तर त्या आईला पुढे आयुष्यात मधुमेह होतो का याच्याशी. म्हणजे या आजाराची पहिली व्याख्याच आईच्या भविष्यासाठी होती. पुढची चाळीस वर्षं जग तीच मापं थोडीफार बदलून वापरत राहिलं, आणि बाळाला नेमका कितीपासून त्रास होतो हे कुणी नीट मोजलं नव्हतं.

ते मोजलं 'हापो' अभ्यासाने. नऊ देश, १५ केंद्रं, सुमारे २५ हजार स्त्रिया, निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध. त्यातून निघालं ते असं, की अशी ठळक रेषाच नाही. आईची साखर जितकी वर, तितकं मोठं बाळ, तितकी सिझेरियनची शक्यता जास्त, तितकं नाळेच्या रक्तात बाळाचं इन्सुलिन जास्त. चढण सरळ आहे, पायरी कुठेच नाही. पण डॉक्टरला कुठेतरी "इथून उपचार" असं म्हणावं लागतं. म्हणून २०१० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सरासरीच्या तुलनेत हा धोका जिथे पावणेदोन पट होतो तिथे रेघ ओढली: उपाशीपोटी ९२, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. तीनपैकी एक जरी गाठला तरी निदान. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच माप स्वीकारलं. नणंदेची तपासणी या मापाने झाली. पावणेदोनच्या जागी दोन पट धरलं असतं तर रेघ आणखी वर गेली असती. असा विचार त्या वेळी झालाही होता. हे मुद्दाम सांगते, कारण १५३ हा आकडा कुठून आला हे कळलं की तो दगडावरची रेघ वाटत नाही.

तुमची तपासणी वेगळ्या वाटेची. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या गटाने भारतातल्या बाईची अडचण ओळखली. दोन बस बदलून दवाखान्यात आलेल्या बाईला "उद्या उपाशीपोटी परत या" म्हटलं की ती बहुधा येत नाही. म्हणून जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाजायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. १४० किंवा जास्त असेल तर निदान. २०१४ पासून केंद्र शासनाच्या सूचनांत हीच पद्धत आहे. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरून आलेल्या बाईला एका खेपेत तपासून, सल्ला देऊन घरी पाठवता येतं, हे मी पाहिलं आहे. त्यासाठी मी या पद्धतीची ऋणी आहे. तिची उणीवही सांगायला हवी. चेन्नईतल्याच दुसऱ्या संशोधकांनी दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या तेव्हा जेवल्यावरच्या एका तपासणीत बऱ्याच स्त्रिया सुटून गेल्या. म्हणून जिच्या घरात मधुमेह आहे, जिचं आधीचं बाळ मोठं होतं, तिची ही तपासणी बरी आली तरी मी उपाशीपोटीची साखर वेगळी बघते.

म्हणजे तुमचे १५२ आणि नणंदेचे १५३ एका तराजूत बसतच नाहीत. तिची तपासणी उपाशीपोटी होती, तुमची जेवून. शिवाय तिच्या पद्धतीत तुमची उपाशीपोटीची किंवा एका तासाची साखर वर निघाली असती तर तिथेही निदान झालंच असतं.

तरीही तुमच्या मनात राहील, की मधल्या पट्ट्यातल्या बाईला उपचारांचा उपयोग होतो का? न्यूझीलंडमध्ये ४,०६१ स्त्रियांवर याची थेट परीक्षा झाली, निष्कर्ष २०२२ साली आले. निम्म्या स्त्रियांना खालची मर्यादा, म्हणजे तुमच्या नणंदेच्या तपासणीतलीच, लावली, निम्म्यांना त्याहून वरची. खालच्या मर्यादेने १५.३ टक्के स्त्रियांना मधुमेह ठरला, वरच्या मर्यादेने ६.१ टक्के. पूर्ण गटाकडे पाहिलं तर वयाच्या मानाने मोठी बाळं दोन्हीकडे सारखीच, ८.८ आणि ८.९ टक्के. हे वाचून कुणी म्हणेल, मग कशाला एवढ्या बायकांना आजारी ठरवायचं? पण दोन मर्यादांच्या मधे पडलेल्या स्त्रियाच वेगळ्या काढून पाहिल्या, तेव्हा ज्यांना उपचार मिळाले त्यांच्यात मोठी बाळं स्पष्टपणे कमी होती. पूर्ण लोकसंख्येत तो फायदा विरघळून जातो, त्या एकेका बाईला मात्र मिळतो. आणि माझ्यासमोर नेहमी एकच बाई बसलेली असते.

सौम्य साखरेवर उपचार करून फायदा होतो हे ऑस्ट्रेलियातल्या एक हजार स्त्रियांच्या २००५च्या अभ्यासात आधीच दिसलं होतं. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताची नस दुखावणं, असे गंभीर प्रसंग नेहमीच्या देखभालीत ४ टक्के होते, उपचारांत १ टक्का झाले. चार किलोवरची बाळं २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. आणि उपचार म्हणजे काय होतं? मुख्यतः आहार आणि घरी साखर मोजणं. इन्सुलिन पाचांपैकी एकीलाच लागलं.

म्हणून आधी ताटाकडे. आपल्याकडे सुरुवात "भात बंद" या हुकमाने होते आणि तिथेच सगळं फिसकटतं. गोव्यातल्या बाईला शीत नाही म्हणजे जेवणच नाही. दोन दिवस ती पाळते, तिसऱ्या दिवशी पोट भरत नाही म्हणून बिस्किटं खाते. उपाशी राहण्यानेही भलं होत नाही. शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन वाढतात, ते बाळाला चांगले नाहीत. मी असं सांगते: भात उकड्या तांदळाचा घ्या, मोजून एक वाटी. उरलेलं ताट हुमणातल्या बांगड्याने, तारल्याने, अळसांद्याच्या किंवा मुगाच्या तोंडाकाने, भाजीने भरा. आधी भाजी-मासळी, मग भात. पेज पातळ असते म्हणून हलकी समजू नका. शिजून मऊ झालेला भात साखर भरभर चढवतो. नाचणीचं तिझन चांगलं, पण गुळाशिवाय, ताकातलं करा.

सगळ्यात अवघड वेळ सकाळची. गरोदरपणात इन्सुलिनला शरीराचा विरोध सकाळी सर्वाधिक असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या घरी पाव आणि गोड चहा येतो. दुपारच्या भातापेक्षा सकाळच्या दोन पावांनी साखर बिघडलेली मी कितीतरी जणींच्या वहीत पाहिली आहे. पोयी बरी, पण कोंड्याची आहे की नुसत्या मैद्यावर कोंडा भुरभुरवलेला आहे ते पोदेराला विचारा. त्याऐवजी अंडं, मुगाचा पोळा, उसळ हे पाहा. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, शाळेच्या व्हरांड्यातही चालेल. डोहाळजेवणाच्या गोडाधोडाचं मी कधीच बंद म्हणत नाही. एक नेवरी खा, पण त्या वेळचा भात सोडा. दोन आठवडे असं करून जेवणानंतर दोन तासांची साखर १२०च्या आत आली तर तेवढ्यावर भागतं.

नाही आली तर औषध, आणि त्यात तुमचा दोष शोधू नका. वारेचा जोर बाईच्या निश्चयापेक्षा मोठा असू शकतो. इन्सुलिन वारेपलीकडे जात नाही, म्हणून त्यावर माझा भरवसा सर्वात जास्त. मेटफॉर्मिन गोळी आहे, सोयीची आहे, पण ती वार ओलांडून बाळापर्यंत जाते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २००८च्या ७५१ स्त्रियांच्या अभ्यासात जन्माच्या वेळी बाळांवर वाईट परिणाम दिसला नाही. मात्र गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिनही जोडावं लागलं. त्या मुलांना मोठेपणी पाहिलं तर ऑकलंडमधली नऊ वर्षांची मुलं काहीशी भारी निघाली, अॅडलेडमधली नाही. मी गोळी देते, पण हे सगळं सांगून देते.

आता बाळाला पुढे मधुमेह होणार का, ते. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये संशोधकांनी सख्खी भावंडं ताडून पाहिली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं मूल आणि झाल्यावर जन्मलेलं मूल, दोघांचे आईबाप तेच, घर तेच. नंतर जन्मलेल्यांमध्ये मधुमेह आणि लठ्ठपणा जास्त होता. म्हणजे नुसतं आनुवंशिक नाही, गर्भातली साखरही काही लिहून जाते. म्हैसूरच्या अभ्यासातही गरोदरपणात मधुमेह झालेल्या आयांच्या मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, लहान वयातच हा कल दिसला. दुसरी बाजूही तितकीच खरी: वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासातली मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर मोजली, तेव्हा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांच्या जाडीत फरक आढळला नाही. शेवटच्या तीन महिन्यांच्या उपचारांनी बाळंतपण सुखरूप होतं हे पक्कं. मुलाचं पुढचं आयुष्य मात्र घरातलं ताट, अंगणातला खेळ आणि आईची गरोदरपणाआधीची तब्येत यांवरही ठरतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाचा इथे उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं त्यांच्या गटाने पिढीभर पाहिली आहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण पुण्याच्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अवयव. कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. म्हणून "बाळ लहानच झालं, म्हणजे साखरेने काही केलं नाही" हा निष्कर्ष आपल्याकडे फसवा असतो. त्याच अभ्यासात, ज्या आयांमध्ये ब१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध करणारी निघाली. बांगडा-तारले खाणाऱ्या घरात ब१२ मिळतं. तुम्ही शाकाहारी असाल तर ते तपासून घ्या, नुसत्या फोलिकच्या गोळीवर थांबू नका.

आता सासूबाईंचं वाक्य. वार बाहेर पडली की बहुतेकींची साखर दोन-तीन दिवसांत खाली येते, तेवढं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गरोदरपण ही स्वादुपिंडाची परीक्षा होती आणि ताकद कुठे संपते ते तिने दाखवून दिलं. २०२० मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बाळंतिणींच्या सुमारे दहापट निघाला. आणि आपण राहतो कुठे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के होतं, गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत सर्वात जास्त.

बाळंतपणानंतर माझ्याकडे येणाऱ्या बायका बाळाचं वजन विचारतात, टाके विचारतात. स्वतःच्या साखरेचं क्वचित कुणी विचारते. दुसऱ्या खेपेला दिवस गेल्यावर त्या येतात आणि पहिल्याच महिन्यात साखर २०० निघते, म्हणजे मधली वर्षं ती शांतपणे वाढत होती आणि बाळाचे अवयव घडताना आधीच चढलेली होती. हे टाळता आलं असतं, हे मला दर वेळी लागतं. १९६४ मध्ये आईच्या भविष्यासाठी सुरू झालेली ही तपासणी आपण बाळ हातात आल्यावर सोडून देतो.

काय उपयोगी पडतं? अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, असा मधुमेह होऊन गेलेल्या आणि साखर सीमेवर असलेल्या स्त्रियांमध्ये वजन उतरवून व्यायाम केल्याने किंवा मेटफॉर्मिनने पुढचा मधुमेह जवळजवळ निम्म्याने टळला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात १,८२३ बाळंतिणींवर वर्षभराचा जीवनशैलीचा कार्यक्रम राबवला तेव्हा मात्र फरक पडला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं झाली होती. इकडच्या बायकांच्या मांडीवर तान्हं मूल होतं. रात्रीची झोप जिच्या हातात नाही तिला व्यायामाचा तक्ता देऊन काय होणार? पहिल्या वर्षात तिला घरच्यांचा हात हवा. तिच्या बाजूने करता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे अंगावर पाजणं. कॅलिफोर्नियातल्या हजाराहून अधिक स्त्रियांमध्ये जास्त आणि जास्त दिवस पाजणाऱ्यांना पुढच्या दोन वर्षांत मधुमेह ठळकपणे कमी झाला.

सहाव्या आठवड्याची तपासणी चुकते, कारण तेव्हा बाळंतीण माहेरी असते आणि बाहेर काढायला कुणी तयार नसतं. पण सहाव्या आठवड्यातच बाळाची लस असते आणि ती कुणी चुकवत नाही. म्हणून मी दोन्ही एकत्र बांधते. त्या दिवशी आईने रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता यायचं, सोबत बाळाला धरायला कुणीतरी हवं. उपाशीपोटीचं रक्त द्यायचं, ग्लुकोज प्यायचं, त्या दोन तासांत बाळाची लस आणि वजन होऊन जातं, मग दुसरं रक्त. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे सीमेवर, २०० किंवा उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेह. त्यानंतर दर वर्षी एकदा. बाळाच्या वाढदिवसाचा आठवडा धरा, लक्षात राहतो. पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीही एकदा करा.

बाळाच्या लसीकरणाचं कार्ड हातात येईल तेव्हा पहिल्याच पानावर पेनने "आईची साखर" असं लिहून सहाव्या आठवड्याची तारीख घाला. आणि सासूबाईंना विचारा, त्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन बसायला त्या येतील का.